नागज फाट्याच्या अलीकडं

जतच्या पुढं चौदा किलोमीटरवर, रस्त्याकडेच्या एका हॉटेलाबाहेर टेबल मांडलेलं होतं. तिथं कार्डावर शिक्का मारून घेतला की शंभर किलोमीटर पुरे झाले. मग सायकल उलटी फिरवायची आणि तेवढंच अंतर तोडत सांगलीला परत यायचं. भूपाल मगदूमनं शिक्का घेतला, सायकल लिंबाला टेकवली आणि खाली बसून डबा उघडला. त्याच्या बायकोनं, पद्मावहिनींनी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. त्यानं दोन दशम्या माझ्या हातात ठेवल्या, स्वतः अर्धी खाल्ली आणि बाकीच्या परत फडक्यात गुंडाळल्या.

“एवढंच?” मी विचारलं.

“नको वाटतंय. ऊन लागलं असेल.”

मी माझ्या दोन्ही खाल्ल्या आणि घड्याळ बघितलं. बारा वीस. सकाळी सहाला सुटलेल्यांनी संध्याकाळी साडेसातच्या आत सांगलीत पोचायचं, असा आमच्या सायकल मंडळाचा नियम होता. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास. एक मिनिट उशीर झाला तरी राइड धरत नाहीत.

ही आठ वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो. भूपाल माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठा.

मी आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना शिकवायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. तो साखर कारखान्यात केमिस्ट होता. सांगलीत विश्रामबागेत एकाच गल्लीत आम्ही वीस वर्षं राहत होतो, पण ओळख नमस्कारापुरतीच. माझी बायको सुलोचना गेली आणि मी घरातून बाहेर पडायचा बंद झालो. मुलगा पुण्याला. दिवसभर टीव्ही चालू असायचा, बघत कुणीच नव्हतं. चार-पाच महिने असे गेले. मग एका सकाळी भूपाल दोन सायकली घेऊन माझ्या फाटकाशी उभा राहिला. एक त्याची, एक त्याच्या पुतण्याची. मला म्हणाला, हरिपूरपर्यंत जाऊन येऊ, चार किलोमीटर आहे. मी पायात चप्पल घालूनच निघालो आणि येताना दोनदा उतरून चालत आलो.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिसऱ्या दिवशीही. महिन्याभरात मी कृष्णेच्या पुलापलीकडं जाऊ लागलो. वर्षभरात शंभर किलोमीटर झाले. माझी साखर उतरली, झोप लागू लागली, मुलाला फोनवर सांगायला माझ्याकडं काहीतरी असायला लागलं. चढ आला की भूपाल पुढं निघून जायचा आणि माथ्यावर एक पाय जमिनीला टेकवून माझी वाट बघत थांबायचा. मी धापा टाकत पोचलो की कधीही ‘किती वेळ’ म्हणाला नाही. बाटली पुढं करायचा.

दोनशेची राइड त्यानं माझ्या आधीच सहा वेळा केली होती. मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा अठरा मिनिटं उशीर झाला. दुसऱ्यांदा मिरजेच्या अलीकडं पोटऱ्यांत गोळे आले आणि आम्ही सायकली हातात धरून चालत आलो. दोन्ही वेळा भूपाल माझ्याबरोबर उशिरा पोचला. त्याला एकट्याला सहज वेळेत जाता आलं असतं.

त्या दिवशी मात्र माझे पाय चांगले चालत होते. असा दिवस कधीतरीच लागतो. मागं राहत होता तो भूपाल.

उलटं फिरल्यावर वारा तोंडावर आला. त्या माळावर वारा असतोच, पवनचक्क्या काय उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जतपर्यंत मी दोनदा थांबलो. जतच्या पुढं एका चढावर मी माथ्यावर पोचलो आणि मागं बघितलं तर तो सायकलवरून उतरून चालत येत होता. त्याला तसं चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. पोचल्यावर मी बाटली पुढं केली. तो हसला, म्हणाला, आज उलटं झालं बघ. मलाही हसू आलं. खरं सांगायचं तर मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं.

पण वेळ चालला होता. मी सारखा मनात हिशोब करत होतो. आता ताशी सोळानं गेलं पाहिजे, आता साडेसोळानं. तीनच्या सुमाराला मी त्याला म्हणालो की जरा जोर लावू या. तो म्हणाला, लावतोय की. त्याचा चेहरा पांढरा दिसत होता. मला वाटलं, मिठाचा पांढरा थर आहे, उन्हात घाम वाळला की येतो तसा.

नागज फाट्याच्या तीन-चार किलोमीटर अलीकडं रस्त्याच्या डाव्या हाताला बेदाण्याची शेड होती. हिरव्या जाळ्या, आत द्राक्षं वाळत घातलेली, पुढं चिंचेचं झाड आणि त्याखाली दगड. भूपालनं सायकल बाजूला घेतली.

“मास्तर, थांब की जरा,” तो म्हणाला. “छातीत जळजळतंय.”

तो दगडावर बसला. मी सायकलवरच होतो, एक पाय खाली टेकवून. मी घड्याळ बघितलं. पावणेचार. चौसष्ट किलोमीटर उरले होते आणि पावणेचार तास. एकट्यानं दामटली तर जमणार होतं. दहा मिनिटं गेली तर जमणार नव्हतं.

“चटणीनं असेल,” मी म्हणालो. “पाणी पी. तू बस, मी हळूहळू निघतो. तू गाठशील मला.”

“दोन मिनिटं बस की रे.”

मी म्हणालो की कवठ्यात पुढच्या शिक्क्याच्या टेबलाशी थांबतो तुझ्यासाठी. त्यानं हात वर केला. तो हात ‘जा’ म्हणून होता की ‘थांब’ म्हणून, हे मी नंतर स्वतःला शेकडो वेळा विचारलं आहे. त्या वेळी मी विचारलं नाही. पॅडल मारलं आणि निघालो. मागं वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं.

कवठे महांकाळला शिक्का मारणारी मुलगी आमच्याच मंडळातली होती. तिनं विचारलं, मगदूम काका कुठायत? मी म्हणालो, येतायत मागनं. छातीत जळजळतंय म्हणून बसलाय, एवढं एक वाक्य बोललो असतो तर तिथं उभी असलेली गाडी वीस मिनिटांत त्याच्यापाशी पोचली असती. मी बोललो नाही. बोललो तर आपल्यालाच गाडीत बसून परत जावं लागेल, हे मला कळत होतं. मी चार मिनिटं थांबलो आणि निघालो.

पाचनंतर वारा पडला. मिरजेकडचा उतार लागला. मी आयुष्यात कधी तशी सायकल चालवली नव्हती. सात वाजून एकोणीस मिनिटांनी सांगलीत पोचलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या, गळ्यात पदक घातलं. मी रडलो. सगळ्यांना वाटलं आनंदानं, आणि आनंदानंच रडलो होतो मी. साडेसातला मंडळाच्या प्रमुखांना फोन आला. ते बाजूला गेले, परत आले आणि माझा दंड धरून मला खुर्चीवर बसवलं.

शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बायकांनी नंतर सांगितलं ते असं. म्हातारा अर्धा तास दगडावर बसून होता. मग तिथंच आडवा झाला. त्यांना वाटलं झोपलाय, दमला असेल. पाणी द्यायला एकजण गेली तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. जीप मिळेपर्यंत वेळ गेला. मिरजेला दवाखान्यात नेलं, पण तो वाटेतच गेला होता.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. बैठकीच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. त्याची मुलगी सन्मती कोल्हापूरला फार्मसी कॉलेजात शिकवते, ती दाराशी उभी होती. पद्मावहिनींनी मला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज बसला होता.

“भावजी, शेवटी तुम्हीच होता त्यांच्याजवळ. काय म्हणाले ते?”

सगळे माझ्याकडं बघत होते. मी घरून काही ठरवून आलो नव्हतो.

“म्हणाला, तू हो पुढं,” मी म्हणालो. “माझ्यासाठी थांबू नकोस म्हणाला. आज तुझी राइड झाली पाहिजे.”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग मान हलवली. शेजारच्या बाईला म्हणाल्या की असेच होते ते, आयुष्यभर दुसऱ्याला पुढं घातलं. दुखणं म्हणून कधी बोलून दाखवलं नाही. मी खाली बघत बसलो. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या फेब्रुवारीत मंडळानं त्याच्या नावानं राइड काढली. साठीच्या पुढच्यांसाठी, पन्नास किलोमीटर, वेळेचं बंधन नाही. बॅनरवर भूपालचा हेल्मेट घातलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘तू हो पुढं’. पद्मावहिनी पांढऱ्या साडीत आल्या, सुरुवातीच्या रेषेशी उभ्या राहिल्या आणि जमलेल्यांना त्यांनी तो प्रसंग सांगितला. मी सांगितला होता त्यापेक्षा तो मोठा झाला होता. त्यांच्या सांगण्यात भूपालनं मला हातानं ढकललं होतं. सांगून झाल्यावर त्यांनी मला पुढं बोलावलं आणि हिरवं निशाण माझ्या हातात दिलं.

दरवर्षी असंच. मला टाळता येण्यासारखं नव्हतं. एका वर्षी ताप आहे म्हणून घरी राहायचं ठरवलं, तर वहिनी सकाळी साडेपाचला डबा घेऊन दारात. नुसते बसून राहा, पण तिथं या म्हणाल्या. मी गेलो. सराव सोडायचीही सोय नव्हती, कारण गल्लीत सगळे विचारायचे. मी रोज तीस किलोमीटर जाऊन यायचो. एका स्थानिक पेपरचा वार्ताहर घरी आला. सत्तरीच्या उंबऱ्यावर ही जिद्द कुठून येते, असं त्यानं विचारलं. मी काहीतरी सांगितलं, सकाळी लवकर उठावं, बेताचं खावं, चांगली सोबत असावी. फोटोसकट छापून आलं. मुलानं पुण्याहून फोन करून कौतुक केलं.

पाचव्या वर्षी राइडला नव्वद माणसं होती. मी मध्यावर असेन. तासगावच्या रस्त्यावर, सव्वीस-सत्तावीस किलोमीटरवर, एक गृहस्थ रस्त्याकडेला बसलेले दिसले. डोकं गुडघ्यात घातलेलं. त्यांचा जोडीदार सायकलवर टांग टाकून निघतच होता. मी थांबलो, काय झालं विचारलं.

“काही नाही, जरा गरगरतंय त्यांना,” तो म्हणाला. मग हसत म्हणाला, “मलाच म्हणतायत, तू हो पुढं. मगदूम काकांचे शिष्य.”

आणि तो गेला.

मी सायकल टाकली. त्या गृहस्थांचा हात गार होता आणि घामानं ओला. मी त्यांना आडवं केलं, खिशातली साखर तोंडात घातली, जाणाऱ्या दोघांना थांबवलं, गाडी बोलावली. त्यांची साखर उतरली होती. तासाभरात ते ठीक झाले, चहा प्यायले, मला सारखे धन्यवाद देत होते. मी जे तोंडातून काढलं होतं ते बॅनरवरून उतरून माणसांच्या तोंडात गेलं होतं. त्याच्या आधारानं एक माणूस दुसऱ्याला रस्त्यावर सोडून गेला होता.

सन्मती राइडसाठी चार दिवस सांगलीत राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मावहिनी बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या, ती वेळ धरून मी गेलो. सन्मती राइडचे उरलेले नंबर आणि सेफ्टी पिना डब्यात भरत होती. मला बघून तिनं चहा टाकायला म्हणून उठायला घेतलं. मी म्हणालो, बस, चहा नको.

मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. दशमी अर्धीच खाल्ली तिथपासून कवठ्याच्या टेबलापर्यंत. तिनं मध्ये अडवलं नाही. माझं संपल्यावर तिनं हातातली पिन उघडून परत मिटली.

“छातीत जळजळतंय, असं म्हणाले होते बाबा?”

“हो.”

“तुम्हाला थांब म्हणाले?”

“दोनदा म्हणाला.”

“किती वाजता?”

“पावणेचारला.”

“कवठ्यात गाडी उभी होती.”

“होती.”

तिनं डब्याचं झाकण लावलं. लावताना ते नीट बसेना, तिनं काढून परत लावलं. मग माझ्याकडं न बघता सांगितलं की मिरजेच्या डॉक्टरांनी तिला त्या रात्री एक गोष्ट सांगितली होती. पाऊण तास आधी आणलं असतं तर बहुतेक वाचले असते. ते तिनं आईला कधीच सांगितलं नव्हतं. पाच वर्षं ती बाबांवर रागावून होती. दुखतंय हे बोलले का नाहीत, सांगितलं असतं तर सुतार काकांनी, म्हणजे मी, सोडलं नसतं, असं म्हणत.

मी म्हणालो, “तू म्हणशील ते मी करतो. वहिनींना आज सांगतो. मंडळात सांगतो.”

“नाही,” ती म्हणाली. “आईला सांगायचं नाही. ती त्या एका वाक्यावर जगतेय काका. तुम्हाला मोकळं व्हायचं असेल, पण त्यासाठी तिच्याकडचं काढून घेता येणार नाही.”

मला मोकळंच व्हायचं होतं. तिनं ते बरोबर ओळखलं होतं.

“पुढच्या वर्षी राइडला या,” ती म्हणाली. “नाही आलात तर आई कारण विचारेल. दरवर्षी या, जमेल तोवर. फक्त माझ्याशी बोलू नका.”

मी उठलो. फाटकाशी पद्मावहिनी भेटल्या, बस्तीतून परत येत होत्या, हातात अक्षतांची छोटी डबी. चहा घेतला का विचारलं. मी घेतला म्हणालो.

पुढच्या वर्षीच्या बॅनरवर फक्त फोटो आणि नाव होतं. वहिनींनी विचारलं तेव्हा सन्मतीनं सांगितलं की छापणाऱ्यानं जागा कमी ठेवली. नियमही एक नवा झाला होता. जोडीनं निघायचं, जोडीनं यायचं, एकटा आलेला माणूस मोजला जाणार नाही. नियम ठीक आहे म्हणून सगळ्यांनी मान हलवली. वहिनींनी मात्र सुरुवातीच्या रेषेशी उभं राहून तो प्रसंग तोंडानं सांगितलाच. शेवटचं वाक्य सांगताना त्या माझ्याकडं बघून हसतात. मीही हसतो. दोन पावलांवर सन्मती नंबरांची यादी घेऊन उभी असते, ती कागदावरून डोळे वर काढत नाही.

मी आता चौऱ्याहत्तरचा आहे. गुडघे बोलतात, डॉक्टर म्हणतात वीसच्या वर जाऊ नका. त्या राइडसाठी मी डिसेंबरपासून सराव करतो. सगळे निघाले की मी शेवटचा निघतो आणि कुणाच्या पुढं जात नाही. सन्मतीनं मला जोडीला कुणी दिलेलं नाही. पहिल्या वर्षी वाटलं चुकून राहिलं असेल, आता कळतं की तसं नाही. मी विचारलेलंही नाही.

या वर्षी पोचायला मला दुपारचे बारा वाजले. मंडप उतरवायला घेतला होता. पद्मावहिनी दमून खुर्चीत डुलकी घेत होत्या. सन्मती उन्हात उभी होती, एकटी, यादी हातात घेऊन. मी सायकलवरून उतरलो आणि तिच्यासमोर थांबलो. तिनं माझ्या छातीवरचा नंबर बघितला, यादीत शोधला. एकटा आलेला माणूस मोजायचा नाही, हा तिचाच नियम. तिनं माझ्या नावापुढं काही लिहिलं नाही. यादीची घडी घातली आणि आईला उठवायला गेली.